बहात्तर किलोची अट

७ फेब्रुवारी, बुधवार

आज भोरला जाऊन आले. आहाराच्या मॅडमचं नाव शेफाली. वयाने माझ्या अंगणवाडीतल्या पोरांच्या आयांएवढ्या असतील. पुण्याहून दर बुधवारी येतात आणि एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसतात. आधी काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी किलो दोनशे ग्रॅम. उंची पाच फूट.

वीस वर्षं मी विंझरच्या अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं काट्यावर चढवतेय. आज मी चढले तर पायाची बोटं आखडून धरली होती. मॅडम म्हणाल्या, "ताई, सैल उभ्या राहा. वजन लपत नसतं."

कशासाठी आलात म्हणाल्या, तेव्हा सांगितलं. माझा धाकटा भाऊ प्रशिक. वय अडतीस. किकवीला राहतो, शाळेची व्हॅन चालवायचा. दोन्ही किडन्या गेल्या. दीड वर्ष झालं, मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याला डायलिसिस. त्याच्या बायकोचा, सोनियाचा, रक्तगट जुळत नाही. माझा जुळतो. डॉक्टर म्हणाले, किडनी घेता येईल, पण आधी वजन बहात्तरवर आणा. साखर काठावर आहे, तीही उतरली पाहिजे. नाहीतर पुढे तुम्हालाच डायलिसिसला बसावं लागेल.

मॅडमनी कागदाच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. मग म्हणाल्या, बारा किलो. सहा महिने धरू.

एक वही ठेवायला सांगितली आहे. जे तोंडात जाईल ते लिहायचं. ती वही वेगळी. ही माझी, जुन्या हजेरीपटाची कोरी राहिलेली पानं. आई गेली तेव्हा प्रशिक पाच वर्षांचा आणि मी तेरा. त्याला मी वाढवलाय. त्याच्यासाठी बारा किलो म्हणजे काय मोठं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी एक भाकरी, मेथी, ताक. पोरांची खिचडी उरली ती मदतनीस ठकुबाईला नेऊ दिली. रोज मीच खायची, ते आता कळतंय. दिवसभरात चहा दोनच वेळा, बिनसाखरेचा. डोकं दुखलं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

ब्याऐंशी नऊशे. मॅडम खूश. मीही.

येताना कापूरहोळला गाडी बदलायला उतरले तर प्रशिक उभा. डाव्या हाताची शीर सुईने सुजून दोरखंडासारखी झालीय, म्हणून लांब बाह्यांचा शर्ट घातलेला. म्हणाला, घरात बसून कंटाळलो, म्हटलं आक्काला भेटू. हातात वडापावची पुडी. गरम.

मी नको म्हणाले. तो म्हणाला, "मला तर न्हाई चालत. तू खाल्लास तर मला बघून तरी बरं वाटंल."

त्याला पाणीसुद्धा मापाने प्यावं लागतं. असा माणूस समोर उभा राहून आपलं तोंड बघतोय म्हटल्यावर काय करायचं? खाल्ला. तो खरंच हसत होता. दुसरा वडापाव माझ्या पिशवीत ठेवला, हा दाजींना म्हणाला. तोही मीच गाडीत खाल्ला.

मॅडमच्या वहीत लिहिलं नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

एक्क्याऐंशी सहाशे. मागच्या बुधवारी भजी होती, आज भेळ. तो दर बुधवारी येतो. मी विचारलं, एवढं उन्हात उभं राहवतं का तुला? म्हणाला, तेवढाच एक वार आहे, बाकी सगळे सुयांचे नाहीतर अंथरुणाचे.

६ मार्च, बुधवार

ऐंशी चारशे. आता लोक विचारतात, बाई, बारीक झालात, काय दुखतंय का?

साहेबराव, म्हणजे आमचे हे, माझ्यासाठी नाचणी आणि ज्वारी वेगळी दळून ठेवतात. स्वतःची गिरणी असल्याचा हा एक फायदा. बोलत काही नाहीत. पहिल्यापासून कमी बोलणारा माणूस. आज गिरणीत डबा द्यायला गेले तेव्हा मात्र पट्टा बसवता बसवता विचारलं, "एक दिली अन् मागनं दुसरीला काय झालं तर?"

मी सांगितलं, डॉक्टर म्हणाले एकीवर माणूस आयुष्य काढतो.

त्यांनी बटण दाबलं. त्या आवाजात पुढचं बोलणं झालं नाही.

२० मार्च, बुधवार

आज भोरला गेले नाही. पुण्याला दवाखान्यात बोलावलं होतं. एक बाई सगळं समजावून सांगतात, ऑपरेशन कसं असतं, किती दिवस पडून राहायचं. त्यांनी स्वतःच्या कमरेवर बोट फिरवून दाखवलं, इथून इथपर्यंत. तिथेच संमतीचा कागद दिला, नीट वाचा, घरच्यांशी बोला, घाई नाही. कधीही नाही म्हणू शकता, आम्ही कारण कुणाला सांगत नाही, असंही म्हणाल्या. मला जरा रागच आला. सख्ख्या भावासाठी नाही कोण म्हणेल?

प्रशिक बाहेर बाकावर बसला होता. त्याने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, काही नाही, सोपं असतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

येताना प्रशिकला किकवीच्या गाडीत बसवून हायवेला एकटीनेच मिसळ खाल्ली, दोन पाव जास्तीचे घेतले. वर पेढे. सकाळपासून पोटात काही नव्हतं, भूक लागली होती. बाकी काही नाही.

२७ मार्च, बुधवार

एक्क्याऐंशी नऊशे. दीड किलो वर. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ताई, काही झालंय का? मी म्हटलं, होळीच्या पोळ्या. शेजारून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, वहीत नाहीत. मी म्हटलं, राहिल्या लिहायच्या.

तो कागद अजून वाचलेला नाही. कपाटात साड्यांखाली आहे. पोषण ट्रॅकर ॲपवर पोरांची नोंदणी चालू आहे, वेळच होत नाही.

१५ एप्रिल, सोमवार

काल जयंती झाली. प्रशिक, सोनिया आणि त्यांची मितू इकडेच विंझरला आले होते. मितू तिसरीत आहे, संघमित्रा नाव, पण सगळे मितूच म्हणतात. प्रशिकने पांढरा शर्ट घातला होता, गळ्याजवळ दोन बोटं ढिला. मिरवणुकीला थांबला नाही, पाय सुजलेत. गिरणीत जाऊन ह्यांच्याजवळ बसला.

मी सरबत घेऊन गेले तर दोघं हळू बोलत होते. मला बघून थांबले. ह्यांनी उगाच चाळण झटकली. प्रशिक म्हणाला, "दाजींना म्हटलं, गिरणीला रंग द्या आता." गिरणीला दिवाळीतच रंग दिलाय.

जेवताना प्रशिकने माझ्या ताटात तीनदा वाढलं. सोनिया खाली मान घालून बसली होती. तिला म्हटलं, तू तरी सांग गं ह्याला, डॉक्टरांनी मला कमी करायला सांगितलंय. ती म्हणाली, "ते ऐकतात व्हय माझं?" आणि उठून आत गेली. थकलीय बिचारी.

१७ एप्रिल, बुधवार

एकोणऐंशी सातशे. फार हळू उतरतंय. सहा महिन्यांतले सव्वादोन गेले. मॅडमना आज खरं सांगितलं, कापूरहोळचं. त्या म्हणाल्या, भावाला एकदा माझ्याकडे घेऊन या. मी म्हटलं, तो आधीच आजारी आहे, त्याला आणखी काय बोलायचं. मग म्हणाल्या, तर मग तुम्ही तिथे उतरू नका.

२४ एप्रिल, बुधवार

वेल्ह्याहून थेट भोरला जाणारी गाडी धरली. येतानाही थेटच. कापूरहोळला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून दिसला. टपरीच्या सावलीत, हातात पिशवी. प्रत्येक उतरणाऱ्या माणसाकडे बघत होता. मी पदर ओढून मान वळवली.

फोन आला, आक्का, आज आली नाहीस का? मी म्हटलं, अंगणवाडीत भेट होती साहेबांची. पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलले असं लिहिणार होते. पण पहिल्यांदा नाही.

१ मे, बुधवार

अठ्ठ्याहत्तर दोनशे.

भोरहून घरी आले तर प्रशिक ओट्यावर बसलेला. किकवीहून दोन गाड्या बदलून आला होता. पुरणपोळ्या, डबाभर. सोनियाने केल्यात म्हणाला. माझं डोकं फिरलं. एवढ्या उन्हात, सुजलेल्या पायांनी, कशासाठी? तर पोळ्या.

मी डबा बंद करून त्याच्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "मी इकडं एकेक घास तोडतेय अन् तू डबे भरून आणतोस. तुला जगायचंय का नाही?"

त्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाला, "जगायचंय की. मितू केवढीशी हाय."

"मग?"

"मग काय. तू नीट ऱ्हा, एवढंच."

ह्यांनी त्याला मोटरसायकलवर नसरापूरपर्यंत सोडलं. डबा ओट्यावरच विसरून गेला. मी चूल आवरताना उभ्या उभ्या दोन पोळ्या खाल्ल्या. तिसरी गाईला घातली.

८ मे, बुधवार

सत्याहत्तर. प्रशिकचं डायलिसिस आता आठवड्यात तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार. सोनियाने फोनवर सांगितलं. दम लागतो, उशा उंच करून झोपतो. मी अंगणवाडी सुटल्यावर कानंदीच्या पुलापर्यंत चालत जाते आणि येते. चालताना मनात एकच आकडा.

१५ मे, बुधवार

पंचाहत्तर चारशे. मॅडमनी टाळी वाजवली. पुण्याहूनही फोन होता. साखर उतरली आहे, आणखी तीन-साडेतीन किलो गेले की जूनच्या शेवटच्या आठवड्यात तारीख धरू, तोवर किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढचे कागद तयार ठेवा.

प्रशिकला कळवलं. तो म्हणाला, "बरं." एवढंच. मला वाटलं होतं रडेल.

कागद काढला, वाचला. सही केली. परत साड्यांखाली ठेवला.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. काल वजन केलं, शहात्तर शंभर. रविवारी पासलीला लग्न होतं, तिथे जिलेबी झाली. किती, ते मॅडमच्या वहीतही नाही, इथेही लिहवत नाही.

प्रशिक आज डायलिसिस करून तसाच आला, सोनिया बरोबर. खीर आणली होती. वंदना झाली. त्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. मला म्हणाला, "एक वाटी घे आक्का, सणाची." मी घेतली. मग ते दोघं विहारात गेले आणि मी एकटीच स्वयंपाकघरात होते. पातेलं समोर होतं. आणखी दोन वाट्या घेतल्या. कुणी आग्रह केला नव्हता. भूकही नव्हती.

का घेतल्या ते कळत नाही. गोडाची सवय सुटत नाही म्हणतात ते हेच असेल.

२९ मे, बुधवार

सत्याहत्तर तीनशे. मॅडमनी आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. दवाखान्यातून फोन आला, जूनची तारीख जमणार नाही, जुलैअखेर बघू.

मला फार वाईट वाटलं. प्रशिकला फोन करताना रडू आलं. तोच मला समजावत होता, "जाऊ दे, एवढं काय. म्हैना इकडं का तिकडं."

दुपारी अंग टाकलं तर चार तास झोप लागली. कित्येक आठवड्यांत अशी लागली नव्हती. दमले असेन.

२ जून, रविवार

काल सकाळी साडेसहाला प्रशिक गेला. डायलिसिसला निघताना बूट घालायला वाकला आणि तसाच पडला. मितू त्याची पिशवी शोधून देत होती. सोनियाने भाकरी टाकून धाव घेतली, तोवर संपलं होतं.

अडतीस वर्षं, चार महिने.

५ जून, बुधवार

आज बुधवार आहे.

९ जून, रविवार

प्रशिकचा जलदान विधी झाला. पाहुणे गेले. मी किकवीलाच राहिलेय, मितूला सोडवत नाही.

दुपारी मितू झोपली होती. सोनिया आणि मी भांडी पुसत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, मी वेळेत उतरवलं असतं तर तो आज असता. त्या खिरीने माझा भाऊ नेला.

सोनियाने हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "आक्का, आसं म्हणू नका. त्यांनी मला शपथ घातली हुती, पण मला आता ऱ्हावत न्हाई."

मग तिने सांगितलं. मी तिचं बोलणं जमेल तसं लिहून ठेवते, कारण मला ते पुन्हा पुन्हा चुकीचं आठवतंय.

मार्चमध्ये आम्ही पुण्याच्या दवाखान्यात गेलो त्या दिवशी प्रशिक घरी येऊन तिला म्हणाला, आक्का भ्यायलीय. सोनिया म्हणाली, तुम्हाला तर त्या सोपं असतं म्हणाल्या ना. तो म्हणाला, ती तसंच म्हणणार. आई गेल्यावर ती मला वाढून द्यायची आणि म्हणायची, मी आधीच जेवले. रिकामी टोपली मी बघायचो, पण बोलायचो नाही, कारण मला भूक असायची. ती नाही म्हणणार नाही, मेली तरी. मग तिला नापास मीच करतो. ती वजनात बसलीच नाही म्हणजे कुणाचाच दोष नाही.

सोनिया रडली, भांडली. तिला नवरा हवा होता. तरी तिनेच ते डबे भरले. पुरणपोळ्या करताना मी किती शिव्या दिल्या तुम्हाला मनात, म्हणाली. तुम्ही खाऊ नये म्हणून रोज वंदनेला बसून मागायचे, आणि डबाही मीच भरायचे.

मी विचारलं, अजून कुणाला माहीत होतं?

ती म्हणाली, "दाजींना. जयंतीला सांगितलं त्यांनी गिरणीत."

ती टोपली रिकामी असायची हे कुणाला माहीत नाही, असं मी तेहतीस वर्षं धरून चालले होते.

१२ जून, बुधवार

विंझरला परत आले. ह्यांना विचारलं. खाली बघत म्हणाले, "तो म्हणाला, दाजी, तिला देऊ द्यायची न्हाई. मी व्हय म्हणालो."

"एवढंच?"

"त्याचा हात धरला. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू."

मी आत गेले आणि दार लावलं. सगळ्यांनी मिळून माझ्यावाचून ठरवलं. माझी किडनी, माझा भाऊ, आणि मी त्या काट्यावर बोटं आखडून उभी. प्रशिक समोर असता तर त्याला मारलं असतं.

१५ जून, शनिवार

अंगणवाडी सुरू झाली. पोरांची वजनं घेतली. एका आईने विचारलं, बाई, तुमच्या भावाचं झालं का ऑपरेशन? ठकुबाईने तिला बाजूला नेलं.

ह्यांच्याशी बोलत नाही. ते भाकरी करून ठेवतात, जाड, काठाला कच्च्या. मी दूध पिऊन झोपते.

सारखं एकच मनात येतं. त्याने दिलं ते मी खाल्लं, ते त्याचं होतं. पण पासलीला तो नव्हता. मिसळ त्याने दिली नव्हती. खिरीच्या दुसऱ्या दोन वाट्या त्याच्या नव्हत्या. तारीख पुढे गेली त्या दुपारी मी चार तास झोपले. मागची पानं उलटून बघितली, सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. दम लागायचा त्याला, उशा उंच करून झोपायचा, हेही लिहिलंय. आणि तरी मी खाल्लं.

कुणाला सांगू हे? सोनियाला तर नाहीच.

१९ जून, बुधवार

भोरला गेले. मॅडमना कळवायला हवं होतं, फोनवर सांगवेना. सांगितलं. त्या उठून माझ्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसल्या. सवयीने मी चपला काढून काट्याकडे निघाले, तर त्यांनी हात धरला. आज नको म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं, एखादं माणूस कमी व्हायचं म्हणून महिनोन् महिने झटतं आणि मनातून त्याला व्हायचं नसतं, असं तुमच्याकडे कधी कुणाचं झालंय का? त्या म्हणाल्या, पुष्कळांचं होतं. भीती असली की माणूस खातं, आणि ते त्यालाही कळत नाही. तुमच्या वहीत मला दिसायला हवं होतं, ताई. मला वाटलं, भावाचा आग्रह. मी चुकले.

त्यांचे डोळे भरले होते. एवढीशी पोर. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं काम नीट केलंत. चाळीस-एक मिनिटं बसले. बाहेर लोक खोळंबले होते.

परतीच्या गाडीने कापूरहोळला उतरवलं, पुढे जाणार नव्हती. तिथे हे उभे होते, मोटरसायकल घेऊन. बुधवारी गिरणीला गर्दी असते, तरी बंद करून आलेले. अंगावर पिठाचेच कपडे. किती वेळ थांबले होते माहीत नाही, सांगितलं नाही.

मी जवळ गेले. ते म्हणाले, "बोलू नको पायजे तर. बस मागं."

मी बसले नाही. तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाले, "मी भ्यायले होते. मला नव्हती द्यायची. तो गेला तरी चालंल असं न्हवतं वाटत, पण मला नव्हती द्यायची."

ट्रक जात होते. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. पण त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, भर फाट्यावर, लोकांसमोर. पंचवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. म्हणाले, "त्याला म्हाईत हुतं. त्यानं तुला कवाच माफ केलंतं. तू न्हवतीस तवा तो गिरणीत दुसरं काय बोलतच न्हवता, माझ्या आक्काला हे कळू देऊ नका, एवढंच."

आता मला कळलंय. त्याला नको होतं ते झालंय.

आम्ही निघालो. नसरापूरला त्यांनी गाडी बाजूला घेतली, मागे वळून न बघता विचारलं, भूक लागलीय का.

तीन आठवड्यांनी मला भूक लागली होती. लाज वाटली. हो म्हणाले.